गो-वेन्ट-गॉन : घोकलं खरं, पण हे वेन्ट आलं कुठून?

शाळेत सगळ्यांनीच घोकलंय, गो-वेन्ट-गॉन. प्ले चं प्लेड, वॉक चं वॉक्ड इथवर ठीक, पण गो चं वेन्ट कसं काय असं विचारलं की बाई म्हणायच्या ते तसंच असतं, पाठ कर. आता कळतं की वेन्ट हे मुळात गो चं रूपच नाहीये, दुसऱ्या घरातून दत्तक घेतलंय.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत जाणे म्हणजे 'गान' आणि त्याचा भूतकाळ 'एओडे', म्हणजे जोडी तेव्हाही विजोडच. शेजारी 'वेन्ड' नावाचं वेगळं क्रियापद होतं, मूळ अर्थ वळणे, वळवणे, त्यावरून मग वाटेला लागणे, आणि सेन्ड चं सेन्ट, बेन्ड चं बेन्ट तसं वेन्ड चं वेन्ट. एओडे बोलून बोलून झिजलं, त्याचं येडे, योडे असं काहीबाही झालं (हसू नका), आणि 1500 च्या आसपास दक्षिण इंग्लंडात लोक त्याच्या जागी सरळ वेन्टच म्हणायला लागले. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र गो वरूनच 'गेड' बनवून घेतलं. वेन्ड ची मात्र पंचाईत झाली, स्वतःचा भूतकाळ दुसऱ्याने नेल्यामुळे त्याला वेन्डेड असा नवा शिवून घ्यावा लागला आणि आता तर ते 'वेन्ड युअर वे' मधेच काय ते दिसतं.

अर्थ म्हणाल तर गो ने भरपूर पसारा मांडलाय. अगो म्हणजे 'पूर्वी', त्यातही हाच गो आहे, निघून गेलेला काळ. गोइंग टू तर आधी खरोखरच काही करायला निघालेल्या माणसाबद्दल होतं, 15व्या शतकाच्या शेवटापासून हळूहळू त्यातलं चालणं गळलं आणि नुसता भविष्यकाळ उरला, त्याचंच आजचं गोना. दूध नासतं तेव्हाही गो, माणूस वेडा होतो तेव्हाही गो, वेळ जातो तेव्हाही गो. आपल्याकडेही लाईट जाते, जीव जातो, डोकं जातं, तेव्हा फार नवल नाही.

पण इंग्रजीला हसण्याआधी आपलं बघा ना. जातो, जाईन, जाऊ, आणि भूतकाळ? गेलो! जाला का नाही? कारण आपणही तेच केलंय. जाणे आलं संस्कृत 'या' धातूवरून, सुरुवातीच्या य चा प्राकृतात ज झाला (यात्रा ची जत्रा झाली तसा, आणि यात्रा पण त्याच 'या' ची), तर 'गेला' हे आलं 'गम्' या जाण्याच्याच दुसऱ्या धातूच्या 'गत' वरून, प्राकृतात त्याचं गअ झालं आणि पुढे ल चा प्रत्यय लागला. हिंदीतही जाता-गया. कोंकणीत तर वतां आणि गेलों, म्हणजे जाण्याला धातूच तिसरा पण भूतकाळाला परत गम्. फ्रेंच लोकांचीही जाण्याची रूपं अशीच वेगवेगळ्या धातूंतून गोळा केलेली आहेत. रोज तोंडात असणाऱ्या क्रियापदांनाच ही विजोड रूपं परवडतात, कारण क्वचित वापरायचं असतं तर पोरांनी केव्हाच त्याला सरळ करून टाकलं असतं. इंग्रजी पोरं लहानपणी गोड म्हणतातच की, म्हणजे गो ला ड लावून, पण दिवसभर कानावर वेन्ट पडत असतं त्यामुळे ते टिकत नाही.

आणि सगळ्यात मजा पुढे आहे. गो आणि गम् दिसायला सख्खे भाऊ वाटतात, व्हॉट्सॲपवर तसं फिरतंही, पण ते चूक आहे. संस्कृत आणि इंग्रजी ज्या एकाच मूळ भाषेतून आल्या, तिच्यातला जो आवाज संस्कृतात ग झाला त्याचा इंग्रजीच्या घराण्यात क होतो, म्हणून आपली गो म्हणजे गाय ती त्यांची काऊ. त्याच हिशोबाने गम् चा इंग्रजीतला खरा भाऊ आहे कम! आपल्याकडचा जाण्याचा धातू तिकडे येण्याचा आहे. आपण तरी काय, घरातून निघताना 'जातो' म्हटलं तर आजी ओरडायची, येतो म्हण.