पंखावरचा पापड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दादरच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर पॅनल बसली. लिफ्टमध्ये मावेनात, म्हणून दोघं-दोघं धरून जिन्याने चढवत होते. चौथ्या मजल्यावर दम खायला थांबलेला एकजण म्हणाला, "काका, वजन सगळं काचेचं. आत नुसता पापड आहे."

घरात येऊन हिशोब केला, तर माणूस अगदी बरोबर बोलला होता. दोन चौरस मीटरचं पॅनल साधारण २२ किलोचं. त्यावरची ३.२ मिलिमीटरची काचच १६ किलो भरते. मग ॲल्युमिनियमची चौकट, प्लास्टिकचे थर, तारा. आणि वीज तयार करणारं सिलिकॉन? त्याची जाडी साधारण १६० मायक्रॉन, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवल्यासारखी. पॅनलमधलं सगळं सिलिकॉन गोळा केलं तरी जेमतेम पाऊण किलो!

गच्चीला या वजनाचं काही सोयरसुतक नसतं. तिथे प्रश्न एकच, एका वॉटला किती रुपये पडले. उन्हावर उडणाऱ्या विनावैमानिक विमानाचा प्रश्न वेगळा: एका ग्रॅममागे किती वॉट?

समजा, पाच किलोचं एक लांब पंखांचं ड्रोन आहे. इंजिन बंद केलं तर ते सेकंदाला साठेक सेंटिमीटर खाली येत तरंगतं. तेवढं सतत वर उचलून धरायला ३० वॉट लागतात. मोटर आणि पंख्यातली गळती धरून ५० म्हणू. चोवीस तासांचे झाले १.२ युनिट, आपल्या लाईट बिलावरचेच युनिट. आता डिसेंबरात मुंबईत सपाट पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात साडेचार-पाच युनिट ऊन पडतं. पंखावर चौरस मीटरभर सेल, म्हणजे वीज तयार करणारे ते पापड, चिकटवले आणि त्यांची कार्यक्षमता २२ टक्के असली, तर हाती येतं साधारण एक युनिट. म्हणजे पहाटेच्या आधीच बॅटरी संपणार आणि विमान खाली. तेच सेल ३० टक्क्यांचे असते, तर कसंबसं निभावलं असतं. गच्चीवर या आठ टक्क्यांनी बिल थोडं कमी होतं. इथे विमान उडणार की पडणार, ते ठरतं.

शिवाय रात्र आहेच. डिसेंबरातली तेरा तासांची रात्र काढायला साडेसहाशे वॉट-तास साठवावे लागतात. किलोमागे अडीचशे वॉट-तास देणारी लिथियम बॅटरी धरली, तर झाली २.६ किलो. पाच किलोच्या विमानात निम्म्याहून जास्त वजन एकट्या बॅटरीचं! आणि पंख तेवढेच ठेवून वजन दुप्पट केलं, तर लागणारी शक्ती दुप्पट होऊन थांबत नाही, पावणेतीन पटींच्या वर जाते. म्हणून सेलवर वाचवलेला एकेक ग्रॅम इथे सोन्याच्या भावाचा.

काच काढून टाकणं हा पहिला उपाय. २०१५ साली अहमदाबादला उतरून गेलेल्या 'सोलर इम्पल्स २' विमानावर (त्यात वैमानिक होता, ते सोडा) १७,२४८ सिलिकॉन सेल होते, १३५ मायक्रॉनचे. त्याहून पातळ करत गेलं, की सिलिकॉनचा स्वभाव आडवा येतो. ते प्रकाश हळूहळू शोषतं, त्यामुळे फार पातळ थरातून लाल प्रकाश न अडता निसटतो. गॅलियम आर्सेनाइड हा उन्हापासून वीज करणारा दुसरा पदार्थ याबाबतीत सरस. तेवढंच काम ते दोन-तीन मायक्रॉनमध्ये करतं. मात्र असा थर एका जाड, महागड्या चकतीवर वाढवावा लागतो. मग दोघांच्या मधला एक खास थर आम्लाने विरघळवतात आणि दुधावरची साय काढावी तसा वरचा पापुद्रा अलगद सोडवून घेतात. चकती पुन्हा वापरता येते, म्हणून निदान परवडण्याची आशा तरी.

कार्यक्षमता वाढवायला थर रचतात. एकाच पदार्थाच्या सेलला सुमारे ३३ टक्क्यांची नैसर्गिक मर्यादा आहे. निळ्या प्रकाशाची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि फार तांबडा प्रकाश पकडलाच जात नाही. एकाखाली एक वेगवेगळ्या चाळण्या लावाव्यात तसे थर लावले, की वरचा निळा टिपतो, खालचा लाल. पवईच्या आयआयटीत २०१० पासून राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आहे. तिथे सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या प्रकाश झटकन शोषणाऱ्या स्फटिकी पदार्थाचा सेल ठेवून ३० टक्क्यांच्या जवळ पोचले आहेत. ते काम गच्च्यांसाठी आहे, पण तत्त्व हेच.

पेरोव्स्काइटचं मला भारी कौतुक वाटतं. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अडीच मायक्रॉनपेक्षा पातळ सेल बनवून तळहातावर मावणाऱ्या ड्रोनवर बसवले. ग्रॅममागे ४४ वॉट! गच्चीवरच्या पॅनलचा आकडा ग्रॅममागे वॉटच्या पन्नासाव्या भागाएवढा आहे. अडचण एकच. दमट हवेत पेरोव्स्काइट सादळतं, अगदी जुलैतल्या पापडासारखं.

मग मुंबईत याचं काय करायचं? चार महिने तर ऊनच नाही. पण २० किलोमीटर उंचीवर मान्सूनचे ढग खाली राहतात. तिथे ऊन लख्ख, वर कडाक्याची थंडी, आणि गार सेल जास्त वीज देतात. हवा मात्र जमिनीजवळच्या सात टक्केच, त्यामुळे पंख प्रचंड लागतात. 'झेफायर' हे असंच उन्हावर उडणारं विनावैमानिक विमान ७५ किलोचं, पंख २५ मीटर. आपल्याकडे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने २०२४ मध्ये कर्नाटकात चल्लकेरेला अशाच विमानाची छोटी आवृत्ती उडवून पाहिली. समुद्रावर नजर ठेवायला, पुरात मोबाइल टॉवर बंद पडले तर संपर्क द्यायला ही गोष्ट कामाची.

फक्त जुलैत ते इथून वर जाऊ शकणार नाही. इतकं हलकं विमान ढगांतल्या खळबळीत टिकत नाही. नासाचं ७५ मीटर पंखांचं सौर विमान 'हेलिऑस' २००३ मध्ये हवाईजवळ अशाच खळबळीत मोडून समुद्रात पडलं. म्हणजे मे महिन्यातच चढवायचं, १५ किलोमीटरवरच्या पावसाळी पूर्ववाऱ्याच्या झोताच्याही वर राहायचं आणि सप्टेंबरअखेर उतरवायचं. हे झाले निदान चार महिने. 'झेफायर'चा २०२५ मधला विक्रम आहे ६७ दिवसांचा. तेवढ्यात आपला श्रावणही संपत नाही.