'रूमर्स'मधून गळलेलं गाणं: पार्श्वभूमी

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा 'रूमर्स' हा अल्बम परत एलपीवर ऐकायला घेतला की वाद ठरलेला, गायिका स्टीव्ही निक्सने लिहिलेलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं यात का नाही? बँडमध्ये कोणाचं कोणाशी फाटलं होतं ते सगळ्यांना पाठ आहे, ते सोडू. १९६७ मध्ये लंडनला सुरू झालेला ब्लूज बँड कॅलिफोर्नियात जाऊन एवढा गुळगुळीत कसा झाला, तोही वेगळा विषय.

'रूमर्स'चं रेकॉर्डिंग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोला सुरू झालं. एकाच टेपवर इतक्या वेळा ओव्हरडब झालं, म्हणजे आधीच्या आवाजांवर नवे आवाज चढवले गेले, की टेप झिजली आणि झांजांची धार गेली, मग मूळ वादनाची (बेसिक ट्रॅकची) दुसरी टेप होती तिच्यावर बाकीचं सगळं कानाने जुळवून चढवलं. म्हणजे आवाजाच्या बाबतीत ही मंडळी भयंकर काटेकोर होती, आणि 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' काढायला कारण पण तेच दिलं गेलं.

कारण असं की गाणं लांब आहे, साडेचार मिनिटांच्या वर. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बरी बसतात, त्यापुढे खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. आपल्याकडे शास्त्रीय गाण्याच्या एलपी ऐकलेल्यांना हे सांगायला नको, अख्खा राग एका बाजूत कोंबलेला असायचा. त्यामुळे कारण खोटं नाही. पण हिशेब करून बघा ना, छापलेल्या 'रूमर्स'ची दुसरी बाजू वीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, तिथे आलेलं 'आय डोन्ट वॉन्ट टू नो' तीन मिनिटांच्या थोडं वर, म्हणजे अदलाबदल केली असती तर दीड मिनिट वाढलं असतं. बसलं असतं की! अल्बममध्ये संथ गाणी जास्त होतायत हेही कारण सांगतात, ते मला जास्त पटतं. पण जिने लिहिलं त्या स्टीव्हीला निर्णय झाल्यावर कळवलं, आणि बदली गाणंही तिचंच, तिच्या माघारी वाजवून ठेवलेलं, हे काही मिनिटांच्या हिशेबात बसत नाही.

(नावाचा पण घोळ आहे. मेरिलँडमधल्या रस्त्यावरच्या पाटीवरून ते सुचलं, त्या गावाचं नाव 'सिल्व्हर स्प्रिंग', शेवटचा 'ज' गाण्यातला.)

पुढे १९९१ च्या सुमारास स्टीव्हीला ते गाणं स्वतःच्या संग्रहात घ्यायचं होतं, बँडने दिलं नाही आणि ती बाहेर पडली. १९९७ ला सगळे परत एकत्र आले तेव्हा लाइव्ह कार्यक्रमात तिने ते जुन्या जोडीदाराकडे, बँडचा गिटारवादक लिंडसी बकिंगहॅमकडे, रोखून बघत गायलं, तिथून नवीन पिढीला गाणं कळलं. २००४ च्या 'रूमर्स'च्या सीडीत ते सातवं टाकलंय, बरोबर जिथे आपण एलपी उलटायला उठायचो तिथे. सीडीला बाजू नाहीत त्यामुळे कुणाची हरकत नसावी, पण मला ते तिथे अजून उपरं वाटतं.

कारण माझ्या डोक्यात त्याची जागा १९७६ अखेरच्या छोट्या रेकॉर्डवरच आहे. पुढच्या बाजूला 'गो युअर ओन वे', लिंडसीने तिला उद्देशून लिहिलेलं, आणि उलटलं की मागे हिचं उत्तर.