याजकाने पाहिलेला पांढरा केस

बायबलमध्ये त्वचारोगाचा उल्लेख आला की महारोगच डोळ्यांसमोर येतो. पण हिब्रू धर्मग्रंथातल्या 'लेवीय' या पुस्तकाचे अध्याय १३ आणि १४ नीट वाचावेत. तिथल्या विकाराचं नाव आहे त्साराअत. डाग संशयास्पद वाटला तर याजक, म्हणजे पुरोहित, माणसाला ७ दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासतो, गरज पडल्यास आणखी ७ दिवस. महारोगाचा जंतू, जो डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला, इतका सावकाश वाढतो की लक्षणं दिसायला सरासरी ५ वर्षं लागतात. आठवड्याभरात काय कळणार? महारोगात डाग बधिर होतो, पण तसंही तिथे कुठे म्हटलेलं नाही. उलट कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही त्साराअत होतो, हिरवट किंवा तांबूस. ती बहुधा बुरशी.

याजकाचा एक निकष मात्र मला विलक्षण वाटतो: डागातला केस पांढरा झालाय का? कातडीचा रंग मेलॅनोसाइट पेशी बनवतात. कोडात, म्हणजे कातडीवर पांढरे डाग पडणाऱ्या विकारात, आपलीच प्रतिकारशक्ती, विशेषतः सीडी८ टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी, त्यांना मारते. तरीही रंग परत येऊ शकतो, कारण केसाच्या कूपात, 'बल्ज' नावाच्या भागात, मेलॅनोसाइटच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या मेलॅनोसाइट तयार होतात त्या पेशी, शिल्लक असतात. उपचारांनी त्या जाग्या होतात, कूपातून वर सरकतात आणि भोवतालच्या कातडीत पसरतात. म्हणून बऱ्या होऊ लागलेल्या डागात आधी केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात. केसच पांढरे पडले असतील, तर हा साठा संपत आल्याची ती खूण. त्वचारोगतज्ज्ञ आजही डागातले केस बघतात ते यासाठीच. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होतो, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. कोड शिवल्याने पसरत नाही, तरी त्यापायी लग्नं मोडतात, याची मला चीड येते.

अर्थात त्साराअत म्हणजे निव्वळ कोड नव्हे. त्यात उघडं पडलेलं मांस आहे, डोक्यावरचे आणि दाढीतले पिवळट, विरळ केस आहेत. म्हणजे सोरायसिस, गजकर्ण असं बरंच काही असू शकेल. आणि हे नियम संसर्ग रोखण्यासाठी होते, असंही वाटत नाही. विकार अंगभर पसरून माणूस सगळा पांढरा झाला, तर याजक त्याला शुद्ध ठरवतो. घर तपासण्याआधी सामान बाहेर काढायला सांगतो, म्हणजे निर्णय काहीही लागला तरी ते अशुद्ध ठरत नाही. जंतूंच्या भीतीने कुणी असा नियम केला नसता. प्रश्न होता तो देवापुढे जाण्यास माणूस पात्र आहे की नाही, याचा.