सुईच्या टोकावरचा कॉस्टिक सोडा

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बारावीला माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात होती तेव्हा तिचं नाव वेगळं होतं आणि हजेरीपटात ते मुलांमध्ये लिहिलेलं होतं. आता पस्तिशीत आहे, स्त्री म्हणून राहते, नोकरी करते. हार्मोनचे उपचार सुरू होऊन दोन वर्षं झालीत. चिवड्याची बशी हातात घेऊन तिने विचारलं, "मॅडम, लेझरच्या नऊ सिटिंग झाल्या. काळी दाढी गेली, पण हनुवटीवरचे पांढरे केस काही हलत नाहीत. आता डॉक्टर इलेक्ट्रोलिसिस करा म्हणतात. हे आपल्या पुस्तकातलंच इलेक्ट्रोलिसिस आहे काय?"

हो, तेच. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ऋणाग्रापाशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या धातूपाशी, कॉस्टिक सोडा तयार होतो, हा धडा मी कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवला. फळ्यावरचं ते पात्र एका केसाच्या मुळाएवढं लहान करता येतं आणि कुणाचं तरी रोज सकाळी आरशासमोर उभं राहणं त्यावर अवलंबून असतं, हे मात्र वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. हार्मोन सुरू केले की दाढी आपोआप जाईल, असं घरच्यांना हमखास वाटतं. तसं होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यापासून बनणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन गालावरच्या मऊ लवेच्या मुळांना राठ, काळा केस बनवायला शिकवतात आणि एकदा शिकलेलं मूळ ते विसरत नाही. इस्ट्रोजेनने त्वचा मऊ होते, अंगावरचे केस विरळ होतात, दाढी जरा सावकाश वाढते, पण दाढीच्या केसाची पुन्हा लव होत नाही. फुटलेला आवाज जसा हार्मोनने परत बारीक होत नाही, तसंच हे.

दुसरा समज वस्तऱ्याचा. ब्लेड लावलं की केस दाट येतात म्हणे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनातज्ज्ञ बाईंनी हे तपासून १९२८ मध्ये छापलं: दाढी केल्याने केसाची जाडी वाढत नाही, वाढीचा वेगही नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला खुंटासारखा लागतो, इतकंच. जवळपास शंभर वर्षं झाली या उत्तराला, तरी बायकांना आणि माझ्या या विद्यार्थिनीसारख्यांना लोक वस्तऱ्याची भीती घालतातच. वर मुंग्यांच्या अंड्यांचं तेल नाहीतर हळद-बेसनाचा लेप सुचवतात. लेप चेहऱ्याला बरा वाटत असेल, केसाच्या मुळापर्यंत तो पोचत नाही.

लेझरचं काम खरं आहे, पण अर्धं. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, शोषून घेतं आणि तापतं. त्या उष्णतेने मूळ भाजतं. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, तर प्रकाश पकडणार कोण? शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतही मेलॅनिन असतं, त्यामुळे चुकीचं यंत्र लावलं तर केसाऐवजी कातडी भाजते. म्हणून आपल्याकडे १०६४ नॅनोमीटरचा, त्वचेत खोल जाणारा लेझर वापरणं जास्त सुरक्षित. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लेझरसाठी 'केसांत कायमची घट' असे शब्द वापरू देतं. 'केस कायमचे काढणे' हे शब्द फक्त इलेक्ट्रोलिसिससाठी आहेत. आमच्या नागपुरात धरमपेठेपासून सदरपर्यंत 'सहा सिटिंगमध्ये कायमची सुटका' अशा पाट्या दिसतात, त्या वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा.

आता माझ्या आवडत्या भागाकडे.

१८७५ मध्ये, त्याच सेंट लुइसमध्ये, चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञाने आत वळलेल्या पापण्यांच्या केसांवर हा उपाय छापला. असे केस बुबुळाला घासतात, उपटले तरी पुन्हा येतात, डोळा जायची वेळ येते. मिशेल यांनी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली बारीक सुई केसाच्या मुळाशी सरकवली, काही वेळ प्रवाह सोडला आणि तो केस परत आला नाही. आज दाढीवर जे करतात ते मुळात हेच.

केस त्वचेतल्या एका तिरक्या, अरुंद नळीत उगवतो. तिला केशकोश म्हणतात. दाढीचा कोश साधारण चार मिलिमीटर खोल असतो. तळाशी केसाला पोसणारा अंकुर आणि वर, मध्याच्या आसपास, एका फुगीर भागात मूळपेशी, ज्यांच्यापासून केस पुन्हा उगवू शकतो. दोन्ही जागा निकामी झाल्या तरच केस कायमचा जातो. सुई केसाएवढीच बारीक असते. ती नवं भोक पाडत नाही, केसाच्या अंगाने त्याच नळीत उतरते. ही सुई ऋणाग्र. धनाग्र म्हणजे ओल्या स्पंजात गुंडाळलेली धातूची कांडी, जी उपचार घेणाऱ्याने मुठीत धरायची.

कोशाच्या तळाशी ओल असते आणि त्या ओलीत मीठ. प्रवाह सुरू झाला की सोडियमचे आयन सुईकडे ओढले जातात. इथे दरवर्षी अर्धा वर्ग चुकायचा. मुलं लिहायची की सोडियम आयन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो. होत नाही. सोडियमचं प्रमाण क्षपण विभव (हा आकडा जितका जास्त उणे, तितकं इलेक्ट्रॉन घेणं अवघड) उणे २.७१ व्होल्ट आणि पाण्याचं, अल्कधर्मी द्रावणात, उणे ०.८३. म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं पाण्याला कितीतरी सोपं. दोन रेणू पाणी दोन इलेक्ट्रॉन घेतात, हायड्रोजन वायूचा एक रेणू सुटतो आणि दोन हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात. सोडियम स्वतः बदलत नाही, भाराचा हिशेब जुळवायला शेजारी येऊन उभा राहतो. सोडियम अधिक हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, तुंबलेल्या मोरीत टाकतो तोच. प्रथिनं आणि चरबी दोन्ही तो विरघळवतो. कोशाच्या भिंतीत दुसरं असतं काय?

किती सोडा तयार होतो ते फॅरेडेच्या नियमाने कागदावर काढता येतं. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह १० सेकंद दिला, तर ५ मिलिकूलोम भार गेला. एक मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६,४८५ कूलोम. भागाकार केला, सोडियम हायड्रॉक्साइडच्या ४० ग्रॅम मोलर वस्तुमानाने गुणलं, की उत्तर येतं सुमारे २ मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा पाच लाखावा भाग! आणि एवढ्याने दाढीचा राठ केस मुळासकट सुटतो. दहा हजार केसांचा सोडा एकत्र केला तरी २० मिलिग्रॅमच भरेल, मिठाच्या चिमटीपेक्षा खूप कमी.

त्याच हिशेबात हायड्रोजन निघतो साधारण ०.६५ घन मिलिमीटर. चार मिलिमीटर खोल आणि ०.२ मिलिमीटर रुंद नळीत मावेल जेमतेम ०.१३. म्हणजे वायू कोशाच्या पाचपट, आणि तो कुठून तरी बाहेर पडणारच. डिसेंबरमध्ये मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले, तेव्हा भिंगाच्या दिव्याखाली हे डोळ्यांनी बघितलं. सुई आत गेली, सातव्या-आठव्या सेकंदाला केसाच्या तोंडाशी मोहरीच्या दाण्याहून लहान असा पांढरा फेस आला. तो फेस म्हणजे हायड्रोजन. मग ऑपरेटर ताईंनी चिमट्याने केस धरला आणि तो न ओढता, तुपातून काडी निघावी तसा वर आला, टोकाला काळा बिंदू आणि त्याभोवती ओलसर पांढरं आवरण घेऊन. केस निघताना चिमट्याला ओढ लागली, तर मूळ मेलेलं नाही असं समजायचं.

निसर्गाने यात एक सोय करून ठेवली आहे. कोशाचा तळ ओला आणि वरचा भाग तेलकट, कोरडा. त्यामुळे सोडा खाली जास्त बनतो, त्वचेच्या पृष्ठभागाशी कमी. हवा तिथे दाह, नको तिथे बचाव. पण तारा उलट्या जोडल्या आणि सुई धनाग्र झाली, तर धातूचे आयन सुटून त्वचेत काळा डाग बसतो, गोंदल्यासारखा. म्हणून 'ऋण टोक सुईला' हा नियम पाळावाच लागतो.

पुढे या पद्धतीला दोन भावंडं आली. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या ल्योन शहरात आंरी बोर्दिए यांनी रसायनाऐवजी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मूळ तापवून पाहिलं. आजच्या बऱ्याच यंत्रांत ही वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख साठ हजार कंपनं. आपल्या मेट्रोचं महाकार्ड गेटवर टेकवतो, तिथेही हीच वारंवारता काम करते. या कंपनांनी कोशातले पाण्याचे रेणू डोलतात, तापतात आणि एका केसाचं काम सेकंदाच्या आत उरकतं. मात्र वाकड्या केसाचं मूळ सुईच्या टोकासमोर येतंच असं नाही, तिथे उष्णता चुकते. सोडा द्रव आहे, वाकड्या कोशातही वाट काढतो. १९४० च्या दशकात आर्थर हिंकेल आणि आंरी सेंट पियर यांनी दोन्ही प्रवाह एकाच सुईतून दिले. गरम सोडा जास्त वेगाने काम करतो. याला ब्लेंड म्हणतात आणि माझ्या विद्यार्थिनीच्या हनुवटीवर तेच चालू होतं.

आता 'इंटेन्सिव्ह इलेक्ट्रोलिसिस' असं म्हणतात, त्यातल्या 'इंटेन्सिव्ह' या शब्दाबद्दल. तो ऐकून लोकांना वाटतं, प्रवाह वाढवून लवकर उरकतात. उलट आहे. प्रवाह बेसुमार वाढवला तर सोडा आणि उष्णता कोशाबाहेर जातात आणि खड्डे पडतात. एका केसाला लागणारा भार ठरलेला आहे. इंटेन्सिव्ह म्हणजे जास्त तास, सलग दिवस आणि शक्य तर जास्त हात. परदेशात काही ठिकाणी, अमेरिकेत डॅलसला विशेषतः, एका चेहऱ्यावर दोघी जणी एकाच वेळी काम करत, डॉक्टर भुलीची इंजेक्शनं देत आणि दिवसभरात दिसेल तो प्रत्येक केस काढला जाई.

एवढं करूनही एकदाच जाऊन भागत नाही. दहा हजार केस, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे नुसत्या प्रवाहाचेच जवळपास २८ तास. त्यात सुई घालणं-काढणं आलं. वर कुठल्याही दिवशी बरेच कोश झोपलेले असतात, त्यांत केसच नसतो. ते काही आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात. म्हणून पूर्ण दाढीला शंभर ते तीनशे तास आणि वर्ष-दोन वर्षं लागतात. लेझरने आधी काळे केस कमी करून घेतले असतील तर बरंच कमी.

भुलीबद्दल मात्र हात जोडून सांगते, घरी प्रयोग नको. अॅड्रेनलिन नसलेल्या लिडोकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा वजनाच्या किलोमागे सुमारे ४.५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या व्यक्तीला २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं इंजेक्शन साडेतेरा मिलिलिटर, बस्स. एका दिवसात किती चेहरा होणार, हे ही मर्यादा ठरवते आणि तो हिशेब डॉक्टरचा. भुलीचं मलम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणं तितकंच धोक्याचं. लेझरआधी असं केल्याने अमेरिकेत दोन तरुणींचा जीव गेला आणि २००७ मध्ये तिथल्या प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. पेसमेकर असेल तर हा उपचार नाहीच. सुई प्रत्येकाला नवी, निर्जंतुक, पाकीट समोर फोडलेली हवी.

केस घालवण्याच्या घाईची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट गेसर या डॉक्टरच्या 'ट्रायको' यंत्रांनी ब्युटी पार्लरमध्ये बायकांच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडले. वेदना नाही, केस खरंच गळत. पुढे त्या चेहऱ्यांवर व्रण आले, कर्करोग झाले. 'नवं तंत्र, वेदना शून्य' अशी जाहिरात दिसली की मला ती यंत्रं आठवतात.

आपल्याकडे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या कलम १५ मध्ये विम्याच्या संदर्भात शस्त्रक्रिया आणि हार्मोनसोबत 'लेझर थेरपी' हे शब्द स्पष्ट आहेत. सुईचा उल्लेख नाही. ती 'इतर आरोग्यविषयक बाबीं'त बसवावी लागते. ज्यांची दाढी पिकलेली किंवा भुरी आहे, त्यांना लेझर निरुपयोगी आहे, म्हणून 'इलेक्ट्रोलिसिस' हा शब्दही तिथे असायला हवा होता असं मला वाटतं.

सिटिंगच्या आधी तीन-चार दिवस दाढी वाढू द्यावी लागते, नाहीतर चिमट्यात केस येत नाही. जी बाई दिवसातून दोनदा आरसा बघून चेहरा गुळगुळीत करते, तिने ते खुंट मिरवत ऑफिसला कसं जायचं? तिने नागपूरची युक्ती वापरली. इथे उन्हामुळे गाडीवरच्या सगळ्या मुली डोळे सोडून अख्खं तोंड स्टोलने बांधतात, तिचा चेहरा त्यांत मिसळून गेला. ऑफिसात मास्क, सर्दीचं कारण. "मॅडम, अख्ख्या बर्डीत कोणाला पत्ता लागला नाही जी," ती म्हणाली. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

नंतरचे दिवसही सोपे नसतात. दोन दिवस सूज, आठवडाभर बारीक खपल्या. त्या नखाने काढायच्या नाहीत. सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळपट डाग राहू शकतात, आणि ऊन ते गडद करतं. मे महिन्यात पारा ४५ वर असताना, घामाने भिजलेला स्टोल खपल्यांवर घासत असताना हे करणं म्हणजे डागांना बोलावणं. म्हणून तिने थंडी धरली. डिसेंबरात तीन दिवस, रोज चार तास, हनुवटी आणि जबड्याची डावी बाजू झाली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली तेव्हा धनाग्राची कांडी घट्ट धरून तिचा तळवा सुरकुतला होता. पुढची तारीख फेब्रुवारीची आहे, ऊन तापायच्या आधीची. वरचा ओठ राहिलाय, आणि तिथेच सगळ्यात जास्त दुखतं.