उंच डर्ट बाइक आणि बेताची उंची: गाडी खाली करण्याआधी वाचा

बेताच्या उंचीचा ग्राहक डर्ट बाइक घेऊन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी किती खाली करून द्याल?" आमचा उलटा प्रश्नही ठरलेला आहे, "बूट, हेल्मेट, सगळं अंगावर चढवून वजन किती भरतं?" तक्रार उंचीची आणि हे वजन का विचारतात, असे वाटणे साहजिक आहे. पण गाडी तुमच्यासाठी किती उंच आहे, हे सीटच्या आकड्याइतकेच तुमच्या वजनावर ठरते. म्हणून कापाकापीची कामे शेवटी ठेवा. आधी स्प्रिंग बघू.

गाडी मुळात एवढी उंच का

होंडा सीआरएफ४५०आर या मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाडीची सीट सुमारे ९६५ मिलिमीटर उंचीवर आहे. पूर्ण आकाराच्या बहुतेक मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो (डोंगर-जंगलातल्या लांब वाटांच्या) गाड्या ९४० ते ९७० च्या दरम्यान येतात. ट्रेलवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी सीआरएफ३००एल त्या मानाने बुटकी, तरीही ८८० च्या आसपास. ही उंची रुबाबासाठी दिलेली नाही. मोठ्या गाड्यांत चाक सुमारे ३०० मिलिमीटर वरखाली होते. तेवढी जागा चाकाला हवी, शिवाय दगड आणि ओंडके इंजिनाच्या पोटाला लागू नयेत म्हणून खाली साडेतीनशेच्या आसपास मोकळी जागा हवी. या दोन्हींच्या वर सीट येते. सीट जवळपास सपाट असते, कारण वळणात स्वाराला टाकीपर्यंत पुढे सरकायचे असते आणि चढावर मागे. थोडक्यात, ही गाडी चालण्यासाठी बांधलेली आहे, सिग्नलला उभी राहण्यासाठी नाही.

उंची कमी म्हणून या खेळात मागे पडावे लागते, हा समज मात्र काढून टाका. अमेरिकेचा रिकी कारमायकल जेमतेम साडेपाच फुटांचा. २००२ आणि २००४ या दोन्ही वर्षी त्याने अमेरिकी राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेतल्या त्याच्या वर्गाच्या २४ पैकी २४ शर्यती जिंकल्या. आता त्याच्यासाठी गाडी तयार करणारा अख्खा संघ होता, हे खरे. पण त्या संघाचेही निम्मे काम स्प्रिंग आणि सॅग याच गोष्टींभोवती फिरणारे असते.

सॅग: सगळ्यात आधी हे मोजा

गाडीवर भार आला की सस्पेन्शन काही अंतर दबते. त्या दबण्याला सॅग म्हणतात. मोजायला टेप आणि एक मदतनीस पुरतो. गाडी धरायला तिसरा असला तर उत्तम. गाडी स्टँडवर चढवून मागचे चाक अधांतरी ठेवा. मागच्या अॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर ठेवून, कोणी न बसता तेच अंतर पुन्हा मोजा. शेवटी सगळा पोशाख घालून, दोन्ही पाय फुटपेगवर ठेवून बसा आणि तिसऱ्यांदा मोजायला सांगा. पहिल्या मापातून तिसरे वजा केले की स्वारासकट सॅग मिळतो. पूर्ण आकाराच्या गाडीत तो साधारण १०० ते १०५ मिलिमीटर असावा. पहिल्यातून दुसरे वजा केले की नुसत्या गाडीचा सॅग मिळतो. तो ३० ते ४० च्या घरात हवा. लिंकेज (मागचे चाक आणि शॉक अॅब्सॉर्बर यांना जोडणारे सांधे) नसलेल्या काही गाड्यांत हे आकडे थोडे वेगळे असतात, त्यासाठी मॅन्युअल बघा.

कंपनीतून बसून येणारी स्प्रिंग बहुधा ७५ ते ८५ किलोच्या स्वाराचा विचार करून निवडलेली असते. बेताच्या उंचीचे पुष्कळ स्वार ५०-६० किलोचे असतात. त्यांच्या वजनाने ती स्प्रिंग पुरेशी दबतच नाही. जिथे १०५ दबायला हवे तिथे ८० वर थांबते. म्हणजे गाडी त्यांच्यासाठी कॅटलॉगमधल्या आकड्याहूनही उंच राहते, वर ती दगडागोट्यांवरून उड्या मारते आणि पुढचे चाक वळणात जमीन धरत नाही. तक्रार येते ती मात्र फक्त "पाय पुरत नाही" अशी.

इथे एक मोह आवरायला हवा. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच आवळून ठेवणारी, रिंग सैल करून स्वारासकट सॅग १०५ वर आणता येतो, आणि पाय लगेच टेकल्यासारखा वाटतो. पण मग नुसत्या गाडीचा सॅग तपासा. तो ४० च्या बराच पुढे गेला असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडकच आहे, रिंग फिरवून तो दोष जात नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: स्वारासकट सॅग बरोबर पण नुसती गाडी ३० सुद्धा बसत नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. बऱ्याच जणांना हे उफराटे वाटते. मऊ स्प्रिंग योग्य सॅगवर आणायला ती आधीच जास्त आवळावी लागते, म्हणून रिकाम्या गाडीला ती दबू देत नाही.

वजनाला जुळणारी स्प्रिंग मागे आणि तशीच जोडी पुढच्या फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दोन नळ्यांत) टाकली की वीसेक मिलिमीटर मिळून जातात, आणि ग्राउंड क्लिअरन्स किंवा चाकाची चाल यातले काही कापावे लागत नाही. फोर्क हवेचा असेल तर पुढची स्प्रिंग घ्यायचीच गरज नाही, हवेचा दाब कमी करून काम होते. पुष्कळांचे समाधान इथेच व्हावे अशी आमची इच्छा असते.

सीट: उंचीपेक्षा रुंदी

फोमवर सुरी चालवणे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त बिघडवले जाणारे काम. सीटच्या मधोमध खड्डा केला की पाय टेकतो, पण त्या खड्ड्यात बूड अडकते आणि वळणात पुढे सरकता येत नाही. फोम काढायचा तर पुढून मागेपर्यंत एकाच रेषेत काढायचा, आणि २०-२५ मिलिमीटरच्या पुढे जायचे नाही; त्यापुढे खालचा प्लास्टिकचा सांगाडा टोचू लागतो. सीट खाली आली की फुटपेगपासूनचे अंतरही कमी होते. गुडघे जास्त मुडतात आणि बसल्याचे उभे राहायला जास्त जोर लागतो. आखूड पायांना याचा त्रास कमी होतो, पण होतो.

त्याआधी आम्ही टाकीजवळच्या भागात सीटच्या कडा तासून बघतो. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी आडवी खर्च होते. कडा उतरवल्या की पाय सरळ खाली जातो. उंची तीच, तरी चवडा टेकतो.

आतून खाली करणे

स्प्रिंग जुळली, सीट तासली, तरीही अंतर उरले तर मागचा शॉक आणि फोर्क खोलून आत स्पेसर, म्हणजे चाल अडवणारे तुकडे, बसवावे लागतात. लिंकेजमुळे शॉकमधले एक मिलिमीटर चाकाशी अडीच ते तीन होते. म्हणून शॉकमध्ये दहाचा स्पेसर टाकला की मागची बाजू पंचवीस-तीस खाली येते. फोर्कमध्ये मात्र जेवढ्यास तेवढे. पुढे आणि मागे सारखेच खाली करणे महत्त्वाचे. फक्त मागे खाली केले तर पुढचा फोर्क जास्त कलतो, गाडी वळायला आळशी होते आणि वळणातून बाहेर जाते. फक्त पुढे केले तर वेगात हँडल चुळबुळ करते.

यात एक हिशेब आहे जो आधी सांगितलेला बरा. चाल ३०० वरून २७० झाली की सॅगही त्याच प्रमाणात कमी ठेवावा लागतो, १०५ ऐवजी ९५. म्हणजे गाडी तीस खाली आली तरी तुम्ही बसल्यावर हाती लागतात वीसच. शिवाय इंजिनाखालची जागा घटते, त्यामुळे इंजिनाचे पोट वाचवणारी बॅश प्लेट नसेल तर लावून घ्या. पन्नास मिलिमीटरच्या पुढचे काम आम्ही घेत नाही. तेवढी उंची कमी करायची असेल तर गाडीच लहान घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लांब लिंक टाकून गाडी खाली करायचे किट मिळतात आणि तासाभरात बसतातही. आम्ही ते सुचवत नाही. लिंक बदलल्याने चाकाची चाल कमी होत नाही, सगळी चाल वरच्या बाजूला सरकते. जोरात आपटल्यावर मागचा टायर मडगार्डला किंवा सायलेन्सरला घासू शकतो. शॉकवर येणारा जोरही बदलतो. आणि पुढची बाजू जुळवायला फोर्क त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधून वर ओढले तर तिथेही तेच, पूर्ण दबल्यावर टायर आणि मडगार्ड खालच्या क्लॅम्पला भेटतात. फोर्क पाच मिलिमीटर वर घेणे वेगळे. तेवढ्यानेही हँडलचा स्वभाव बदललेला जाणवतो.

कोणत्याही मार्गाने तीसेक मिलिमीटर खाली आणली की साइड स्टँड आखूड करावाच लागतो. नाहीतर गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पलीकडे पडते. हे काम वेगळे सांगावे लागत नाही, आम्ही सोबतच करतो.

एक चवडा पुरतो

दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत ही अपेक्षा रस्त्यावरच्या गाडीची. इथे एका पायाचा चवडा घट्ट टेकला की झाले. नवशिक्यांना आणि मुलांना मात्र हा नियम लावू नका. ज्याला अजून क्लच नीट सोडता येत नाही त्याचे दोन्ही चवडे टेकायला हवेत. मुलासाठी "वाढत्या अंगाची" म्हणून उंच गाडी घेऊ नका, तो गाडीला भ्यायला शिकेल. त्यासाठी पुढे १९ आणि मागे १६ इंची चाकांच्या ८५ सीसी गाड्या आहेत. त्या लहानखुऱ्या मोठ्या माणसांनाही चालतात, पण त्यांचा टू-स्ट्रोक जोर अंगावर येतो, हे आधीच माहीत असू द्या.

थांबण्याआधी जागा निवडायची सवय लावा. एखादा उंचवटा, दगड, बांधाची कड, झाडाचे खोड. नजर तिथे, गाडी तिथे. थांबता थांबता सीटवर पुढे सरका, कारण तिथे ती सगळ्यात अरुंद असते. मग एका कुल्ल्यावर या. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. उतार आडवा असेल तर चढाकडचा पाय टेकायचा, मग तो कोणताही असो. उजवा टेकला तर गाडी पुढच्या ब्रेकवर धरा. उतरत्या बाजूला पाय टाकलात तर तिथे जमीन सापडायच्या आत गाडी अंगावर आलेली असते.

टांग टाकण्याच्या दोन रीती आहेत. एक, गाडी स्वतःकडे तिरपी करून आधी गुडघा सीटवरून नेणे आणि मग गाडी सरळ करणे. दुसरी सपाट जागेवरची: इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच दाबलेला, डावा पाय डाव्या फुटपेगवर. उजव्या पायाने एक रेटा द्या, क्लच अलगद सोडा आणि गाडी चालू लागली की टांग टाका. उतरताना हेच उलटे. साइड स्टँडवर लावलेल्या गाडीच्या फुटपेगवर उभे राहून चढू नका. एन्ड्युरो गाडीचा हलका स्टँड फक्त गाडीच्या वजनासाठी असतो, स्वारासकट वजन घ्यायला नाही.

पाय आखूड असलेल्याला पायाने ढकलत गाडी नेता येत नाही, म्हणून सावकाश चालीत तोल आणि क्लच हेच त्याचे पाय. मोकळ्या जागेत उभ्याने, चालण्याच्या वेगात, मागचा ब्रेक हलका धरून आठच्या आकड्यात गाडी फिरवा. फुटपेगवर उभे राहिल्यावर सीटच्या उंचीचा संबंधच संपतो. ऑटो क्लच (वेग उतरला की आपोआप सुटणारा) बसवला तर गाडी बंद पडत नाही आणि मागचा ब्रेक डाव्या हातावर घेण्याचीही सोय होते. दोन्ही बाजूंना पाय मोकळा मिळतो. खर्चिक आहे, पण खडकाळ चढांवर जाणाऱ्या आखूड पायांच्या स्वारासाठी आम्ही तो फोम कापण्याच्याही आधी सुचवू.

आणि गाडी पडू लागली तर पडू द्या. शंभर-एकशेदहा किलोचे धूड एका पायावर तोलण्याच्या नादात गुडघा जातो. लिव्हरला हँडगार्ड असतो, गुडघ्याला नसतो. उतारावर पडलेली गाडी आधी फरफटत अशी फिरवा की चाके उताराकडे आणि हँडल चढाकडे येईल, मग उचला. निम्मा जोर वाचतो.

गाडी आणताना

गाडी धुऊन आणा; चिखलासकट फोर्क खोलला तर माती आत जाते. तुमचे रायडिंगचे बूट सोबत हवेतच. त्यांचा जाड तळवा उंचीत भर घालतो, पण घोटा कडक असल्याने चवडा ताणता येत नाही. चपलेवर घेतलेले माप म्हणूनच उपयोगाचे नाही. पायाची आतली लांबी घरीच मोजून आणलीत तर बरे: भिंतीला पाठ लावून, जाड पुठ्ठ्याची वही जांघेत घट्ट वर दाबून, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. एकूण उंची सारखी असलेल्या दोन माणसांत हे माप चांगले चार बोटे वेगळे निघते. पाण्याची पाठपिशवी, हत्यारे घेऊन जात असाल तर त्यांच्यासकट वजन सांगा.

काम झाल्यावर काढलेल्या स्प्रिंग, फोमचे तुकडे आणि स्पेसरचे माप लिहिलेला कागद एका पिशवीत देतो. गाडी विकताना घेणारा सहा फुटी निघाला तर ते लागेल. नवी स्प्रिंग थोडी बसते, त्यामुळे काही राइड झाल्या की सॅग पुन्हा मोजा. पाचेक मिलिमीटरचा फरक दिसला तर प्रीलोडची रिंग तुम्हालाच फिरवता येईल; कशी, ते गाडी देताना दाखवू.