काडतूसपेटीला तेल लावण्याआधी

इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) जुन्या अमेरिकन मिलिशियाची, म्हणजे नागरिकांच्या फौजेची, काडतूसपेटी, संगिनीचं म्यान किंवा खांद्यावरचा पट्टा हाती लागला की जुन्या कातडी वस्तू दुरुस्त करणाऱ्या आमच्या कार्यशाळेत फोन येतो. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कातडं फार कोरडं वाटलं, म्हणून जरा तेल लावलंय." त्या एका वाक्यासाठी हे पत्रक छापलं आहे.

ही सवय आपल्या घरातलीच आहे. कोल्हापुरी चपलेला तेल पाजलं की ती मऊ होते, पायाला बसते. ते बरोबरच आहे, कारण चप्पल वापरातली असते. 1820 च्या आसपासची पेटीही झाडाच्या सालीनेच कमावलेल्या कातड्याची असते. पण कोळशाच्या धुराची हवा वर्षानुवर्षं खाऊन तिच्यात आम्ल भिनलेलं असतं. बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. संग्राहक याला 'रेड रॉट' म्हणतात. यात कातड्याचे तंतूच तुटलेले असतात आणि तेलाने ते पुन्हा जुळत नाहीत. तेल आत मुरतं, रंग काळवंडतो, वर धूळ बसते आणि काही वर्षांत सगळं चिकट होऊन बसतं. पितळी बटणापर्यंत तेल पोचलं तर तिथे हिरवं, मेणासारखं किटण धरतं. शिवाय भुकटी थांबवायला आम्ही अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लुसेल-जी (सुटे तंतू धरून ठेवणारं सेल्युलोजचं द्रव्य) वापरतो, ते तेलकट कातड्यात नीट शिरत नाही. मग दोन दिवसांच्या कामाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मुरलेलं तेल पूर्ण निघत नाही ते नाहीच.

मध्यंतरी एक पेटी आली. मोठं झाकण उचललं, त्याखालचं छोटं झाकण उचललं, आत लाकडी ठोकळा आणि त्यात काडतुसांची 24 भोकं. 1792 च्या कायद्याने 18 ते 45 वयाच्या गोऱ्या पुरुष नागरिकाला बंदूक, संगीन, पट्टा आणि किमान 24 काडतुसं मावतील अशी पेटी स्वतःच आणावी लागे. म्हणून मिलिशियाची पेटी गावागणिक वेगळी दिसते आणि कित्येकदा आत मालकाचं नाव सापडतं. या पेटीतही झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने नाव लिहिलेलं होतं. तेलाने कातडं इतकं काळं झालं होतं, की आडनावाची शेवटची तीनच अक्षरं वाचता आली. पूर्ण नाव मिळालं असतं तर गावाच्या हजेरीपटाशी ताडून पाहता आलं असतं. अशा पेटीचं मोल त्या नावात असतं.

"नव्यासारखी करून द्या," असंही काहीजण सांगतात. ते आम्ही करत नाही. पुन्हा काळा रंग चढवत नाही, आणि शिवण उसवली असेल तर जुन्याच भोकांतून, हाताने, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने घालतो. वेळ लागतो, पण पुढे विकायची वेळ आली की जाणकार ग्राहक आधी शिवणच बघतो. पट्ट्याला मशीनची शिवण असेल तर तो नंतरचा किंवा नंतर दुरुस्त केलेला, हे पहिल्या तपासणीतच सांगतो. त्या तपासणीचे पैसे घेत नाही. पांढऱ्या पट्ट्यावरची पांढरी भुकटी मात्र धुऊन काढू नका. तो मळ नसतो, शिपायांनी पट्टा पांढरा दिसावा म्हणून लावलेली पाइपक्ले, म्हणजे पांढरी माती, असते.

पाठवण्याआधी फोटो काढा, पण झाकण ताठ झालं असेल तर ते ओढून उघडू नका. वस्तू आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. तोवर ती तळघरात किंवा फायरप्लेसवर ठेवू नका. 45 ते 55 टक्के आर्द्रतेची खोली चांगली. आणि तेल आधीच लावून झालं असेल तर कोणतं आणि केव्हा, तेवढं चिठ्ठीवर लिहून पेटीसोबत ठेवा. खोबरेल, नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) किंवा बुटाचं पॉलिश, प्रत्येक काढायची रीत वेगळी आहे.