कोकणातून अदनला, कराचीला, लोदला : बेने इस्राएलांच्या प्रवासामागचा इतिहास

बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या आठवणी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू होतात. तिथे गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गावागावांत पसरला, अशी परंपरा आहे. काळ कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ही माणसं तेल गाळायची आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, ही आडनावंही गावांनीच दिली.

घाणा सुटला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेमुळे. अठराव्या शतकात तिथे पगार होता, बढती होती, पुढे पेन्शनही. माझ्या मते या समाजाचा पुढचा सगळा इतिहास या नोकरीतून उलगडतो, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल.

इंग्रज-म्हैसूर युद्धात दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण बेने इस्राएल आहोत हे सांगितल्यावर टिपूच्या आईच्या शब्दामुळे त्यांचा जीव वाचला, असं घराघरांत सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीत ‘शार हारहमीम’ म्हणजे दयेचं दार हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. त्या भागातली सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. कोकणात विखुरलेल्या, जवळजवळ सगळे विधी तोंडी चालवणाऱ्या लोकांना एका सैनिकाने प्रार्थनाघर दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

पुढच्या पिढ्या पलटणींबरोबर दूर गेल्या. १८३९ साली इंग्रजांनी येमेनच्या किनाऱ्यावरचं अदन बंदर घेतलं, त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, आणि तिथेही बेने इस्राएल कुटुंबं राहिली. कराचीत सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी १८९३ साली ‘मागेन शालोम’ सिनेगॉग बांधलं. ते १९८८ साली पाडलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेत जातवार तुकड्या आल्या. एवढ्याशा समाजाची स्वतंत्र तुकडी होईना आणि बढतीची वाट अडली. तेव्हा मुलं रेल्वे, कस्टम, पोस्ट, इस्पितळं आणि शाळांकडे वळली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली समाजासाठी शाळा काढली. जेरुशा झिराड लंडनहून वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात हा समाज वीसेक हजारांचा होता. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे वागणूक कडू मिळाली. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरून मायदेशी परत पाठवण्याची मागणी केली आणि काही जण खरोखर परतलेही. साठच्या दशकात तिथल्या ज्यू धर्मगुरूंच्या पीठाने त्यांच्या लग्नांवर पूर्वजांच्या चौकशीची अट घातली. शतकानुशतकं शनिवार पाळणाऱ्यांना ज्यूपणाचा दाखला मागणं अन्यायाचंच होतं. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं जाहीर केलं. इस्राएलमधल्या लोद, दिमोना, अश्दोदमध्ये आज ‘एलियाहू हन्नबी’ म्हणजे प्रेषित एलियाहूसाठी मलिदा हा प्रसाद होतो, पोहे, खोबरं आणि फळांचाच.